बिनतिकिटाचे प्रवासी

लखनौचं चारबाग स्टेशन बांधायला घेतलं १९१४ साली. घुमट, मिनार, कमानी असा सगळा थाट; वरून पाहिलं तर बुद्धिबळाचा पट मांडलेला दिसतो, असं लखनौकर अभिमानाने सांगतात. मराठी माणसाला लखनौ आठवतं ते टिळकांच्या १९१६ च्या लखनौ करारामुळे आणि पंडित भातखंड्यांच्या संगीत विद्यालयामुळे. हिवाळ्यात त्यात तिसऱ्या मराठी नावाची भर पडते. फळांच्या ठेल्यांवर ढीग लागतात आणि ‘नागपुरी, नागपुरी’ अशी हाळी कानावर येते. मग समोरचं फळ पंजाबातला किन्नू का असेना!

आज जिथे फलाट आहेत तिथे नवाबी काळात बाग होती. म्हणजे इथे बागेचं स्टेशन झालं. लिंबू-संत्र्याच्या बागायतदाराला धास्ती असते ती याच गोष्टीची. त्याच्या बागेत डोळ्यांना न दिसणारे प्रवासी उतरतात, मुक्काम ठोकतात आणि मिळेल त्या गाडीने शेजारच्या बागेत जातात. हे प्रवासी म्हणजे जिवाणू. त्यांना चालता येत नाही, उडता येत नाही आणि तिकीट तर ते कधीच काढत नाहीत. तरी आशियातून निघून त्यांनी फ्लोरिडा, ब्राझील, ऑस्ट्रेलिया गाठलं. ते राहतात कुठे, जातात कसे आणि त्यांना वाहन कोण पुरवतं, याच्या या गमती. काही हसवणाऱ्या, काही झोप उडवणाऱ्या.

दोन रोग, दोन तऱ्हा

आधी मुख्य पात्रांची ओळख. पहिला खैऱ्या. इंग्रजी पुस्तकांत याचं नाव कँकर. कागदी लिंबावर खरखरीत, तपकिरी, कडेने पिवळं वलय असलेले उठावदार डाग दिसले की तो हाच. जंतूचं नाव झॅन्थोमोनास सिट्री. हा झाडाच्या पानावर, फळावर, काडीवर उघड्यावर संसार थाटतो.

दुसरा ग्रीनिंग. याचा जंतू कॅन्डिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस. हा बाहेर तोंडच दाखवत नाही. पानात तयार झालेलं अन्न ज्या नलिकांतून मुळांकडे जातं त्या रसवाहिन्यांत लपून राहतो. पहिल्याला पाऊस लागतो, दुसऱ्याला किडा. माणूस मात्र दोघांनाही चालतो.

बाबराच्या यादीत लिंबू

चारबाग पद्धतीच्या, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागा आणि लिंबूवर्गीय झाडं यांची जोडी जुनी. बाबराने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला अफगाणिस्तानात आदिनापूरजवळ ‘बाग-ए-वफा’ वसवली, तिच्यात नारिंगाची झाडं होती. पुढे हिंदुस्थानात आल्यावर त्याने आपल्या आठवणींत इथल्या लिंबाच्या भाऊबंदांची बारकाईने नोंद केली. लिंबू, तुरंज, नारिंग, संत्रं असं बरंच काही त्या यादीत आहे. खैऱ्याची नोंद नाही. तो तेव्हा नव्हताच, असा याचा अर्थ नव्हे.

क्यूच्या कपाटातला साक्षीदार

खैऱ्या मूळचा कुठला? १९३३ मध्ये फॉसेट आणि जेन्किन्स या दोन अमेरिकी संशोधकांनी लंडनच्या क्यू उद्यानातले वाळवून ठेवलेले जुने नमुने तपासले. भारतातून १८२७ ते १८३१ या काळात गोळा केलेल्या महाळुंगाच्या पानांवर त्यांना खैऱ्याचे डाग सापडले. जावा बेटावरच्या १८४० च्या दशकातल्या लिंबाच्या नमुन्यावरही होते. म्हणजे रोगाला नाव मिळण्याच्या किती तरी आधी त्याचा पुरावा कपाटात इस्त्री होऊन पडला होता. अलीकडे तर मॉरिशसच्या १९३७ च्या वाळक्या नमुन्यातून या जंतूचा जवळजवळ संपूर्ण जनुकसंच वाचून काढला गेला आहे.

फोड झाडाचाच, हुकूम जंतूचा

खैऱ्याचा डाग उठावदार का असतो? कारण जंतू झाडाच्या पेशीत एक प्रथिन टोचतो. ते थेट पेशीच्या केंद्रकात जातं आणि झाडाचंच एक जनुक चालू करतं. पेशी भराभर वाढतात, फुगतात आणि शेवटी साल फुटते. त्या भेगेतून जंतू बाहेर पडायला मोकळे. घरही झाडाचं, मजूरही झाडाचे, दरवाजाही झाडानेच फोडून दिलेला!

या कुळातले जंतू नेमकं कुठलं जनुक चालू करायचं हे कसं ओळखतात, याचं गुपित २००९ मध्ये उलगडलं. त्याच युक्तीवर शास्त्रज्ञांनी जनुकं कापण्याची ‘टॅलेन’ नावाची अवजारं बनवली. ती आज वैद्यकीय संशोधनातही वापरली जातात. चोराची किल्ली घेऊन कुलपं दुरुस्त करण्याचाच हा उद्योग.

आइस्क्रीममधले भाऊबंद

आइस्क्रीमच्या किंवा सॉसच्या वेष्टनावर ‘झॅन्थन गम’ किंवा ‘ई ४१५’ असं छापलेलं असतं. हा दाटपणा आणणारा पदार्थ झॅन्थोमोनास कॅम्पेस्ट्रिस या जंतूकडून बनवून घेतात. तो कोबीवर्गीय पिकांत काळी कूज आणणारा, म्हणजे खैऱ्याच्या जंतूचा सख्खा भाऊबंद. खैऱ्याचा जंतूही अशाच बुळबुळीत पदार्थाचं पांघरूण घेऊन ऊन आणि कोरडेपणा सोसतो. आइस्क्रीम बिनधास्त खा. त्यात गम असतो, जंतू नाही. खैऱ्याचे डाग असलेलं लिंबूही पिळायला हरकत नाही, माणसाला त्याने काही होत नाही. फक्त बाजारात भाव पडतो आणि निर्यातीचे दरवाजे बंद होतात.

पाऊस आला, गाडी सुटली

डाग ओला झाला की त्यातले जंतू पाण्यात उतरू लागतात. रोगट पानांवरून ओघळलेल्या एका मिलीलिटर पाण्यात ते लाखांनी सापडतात. नुसत्या रिमझिम सरीने ते फार तर त्याच झाडाच्या खालच्या फांदीपर्यंत जातात. खरी धमाल वारा सुटल्यावर. सेकंदाला आठ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटर वेगाचा वारा पावसाच्या थेंबांना पानांच्या श्वासरंध्रांतून आत दाबतो. त्या रंध्रातून एक-दोन जंतू आत गेले तरी नवा डाग उठायला पुरे होतात.

म्हणूनच बागेभोवती शेवरी, सुरू, बांबू यांची वारारोधक रांग लावायला सांगतात. ती पाऊस अडवत नाही, पण पावसाचा जोर मोडते. दक्षिण अमेरिकेतले बागायतदार तर औषधाच्या फवाऱ्याइतकाच या रांगांवर भरवसा ठेवतात.

नागअळीचे बोगदे

कोवळ्या पानावर चंदेरी, नागमोडी रेघ दिसली की समजायचं, पान पोखरणारी अळी आली. शेतकरी तिला नागअळी म्हणतात. ती खैऱ्याचा जंतू अंगावर घेऊन हिंडत नाही. पण पानाची वरची साल उचकटून आतला गर उघडा टाकते. मग श्वासरंध्राची अरुंद खिडकी शोधायची गरजच काय? जंतू अख्ख्या बोगद्यातून घुसतो आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना डागांची माळ उठते. खैऱ्या आटोक्यात ठेवायचा तर आधी नागअळीचा बंदोबस्त, हा नियम इथूनच आला.

कुठे किती मुक्काम?

जंतू कुठे किती दिवस तग धरतो, यावर सगळं ठरतं. उन्हात पडलेल्या कपड्यावर, अवजारावर, प्लॅस्टिकवर साधारण एक दिवस. सावलीत तीनेक दिवस. मातीत काही दिवस ते काही आठवडे, कारण तिथले मूळचे सूक्ष्मजीव त्याला टिकू देत नाहीत. गळून पडलेल्या पानात, ते कुजेपर्यंत. पण काडीवरच्या जुन्या डागात? वर्षानुवर्षं. उन्हाळाभर तो तिथे गप्प पडून राहतो आणि मृगाच्या पहिल्या सरीला जागा होतो.

खैऱ्या लागलेल्या काड्या पावसाळ्यापूर्वी, कोरड्या हवेत छाटून जाळायच्या, त्या याच कारणाने. आणि बाग ओली असताना छाटणी करायची नाही. तेव्हा कात्री, हातमोजे, सदरा ही सगळी त्याचीच वाहनं होतात.

नव्वद दिवसांची खिडकी

पान कोवळं असताना पहिले चार ते सहा आठवडे आणि फळ धरल्यापासून पहिले साधारण दोन ते तीन महिने, एवढाच काळ खैऱ्याचा. पान जून झालं, फळाची साल पक्की झाली की जंतूचं फारसं चालत नाही. अडचण अशी की विदर्भात मृगाची पालवी नेमकी पावसात फुटते. नवी पालवी, वीस ते तीस अंश तापमान, वारा आणि पाणी. जंतूला पत्रिका जुळवायला आणखी काय हवं?

संत्रं सुटतं, लिंबू सापडतं

सगळी भावंडं सारखी नसतात. कागदी लिंबू आणि ग्रेपफ्रूट खैऱ्यापुढे अगदी हतबल. संत्रं त्या मानाने चिवट. म्हणून खैऱ्याची तक्रार वरुड-मोर्शीच्या संत्राबागांपेक्षा अकोला, बुलडाणा, अहिल्यानगर, सोलापूरच्या लिंबूबागांतून जास्त ऐकू येते. यावर विद्यापीठांनी वाणांचा उतारा शोधला. परभणीचे ‘विक्रम’ आणि ‘प्रमालिनी’ घोसाने फळं देतात. राहुरीचं ‘साई शरबती’ रोगाला तुलनेने दाद देत नाही. ‘तुलनेने’ हा शब्द विसरायचा नाही. पूर्णपणे खैऱ्यामुक्त कागदी लिंबू अजून कुणाच्या शेतात उगवलेलं नाही.

क्लारा हॅसची कामगिरी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानहून आलेल्या रोपांबरोबर खैऱ्या अमेरिकेत उतरला. सगळ्यांना वाटलं, बुरशी असणार. अमेरिकी कृषी खात्यात काम करणाऱ्या क्लारा हॅस यांनी डागातला जिवाणू वेगळा काढला, निरोगी रोपांना टोचला आणि पुन्हा तेच डाग उठवून दाखवले. १९१५ मध्ये त्यांचा शोध छापून आला. स्त्रियांना प्रयोगशाळेत मानाची जागा मिळणं अवघड होतं, त्या काळातली ही गोष्ट. त्यानंतर फ्लोरिडात रोगट झाडं जागच्या जागी जाळण्याची मोहीम चालली आणि १९३३ पर्यंत तिथून खैऱ्या गेला.

५७९ मीटरची कुऱ्हाड

तो परत आला. १९९५ मध्ये मायामी विमानतळाजवळच्या वस्तीत खैऱ्या सापडला. सरकारने फर्मान काढलं की रोगट झाडाभोवती १,९०० फूट, म्हणजे ५७९ मीटरच्या आत जे जे लिंबूवर्गीय झाड असेल ते तोडायचं. निरोगी असलं तरी. परसातल्या लिंबावर कुऱ्हाड घेऊन आलेल्यांविरुद्ध लोक कोर्टात गेले. दीड कोटीहून अधिक झाडं गेली. आणि २००४-०५ च्या चक्रीवादळांनी जंतू असा दूरदूर उधळला की २००६ च्या जानेवारीत मोहीमच गुंडाळावी लागली. माणसाने वर्तुळं आखली, वाऱ्याने ती पुसली.

उलट उदाहरणही आहे. ऑस्ट्रेलियात २००४ मध्ये क्वीन्सलँडच्या एमेराल्ड भागात खैऱ्या आला. तिथे बागाच्या बागा काढल्या आणि २००९ मध्ये देश रोगमुक्त जाहीर झाला. समुद्राने वेढलेल्या, विरळ वस्तीच्या मुलखात हे जमलं. आपल्याकडे लिंबाचं झाड घरोघरी. तिथे कुऱ्हाडीचं काम नाही.

जगाच्या पुस्तकात पुण्याचं नाव

आता ग्रीनिंगकडे वळू. भारतात हा रोग पसरवते कोण? याचं उत्तर पुण्यात मिळालं. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्रात एस. पी. कपूर, डी. जी. राव आणि एस. एम. विश्वनाथ यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं की सिट्रस सिला नावाची कीड रोगट झाडाचा रस पिते आणि निरोगी झाडाला रोग देते. तेव्हा सगळे त्याला विषाणू समजत होते. १९७० मध्ये फ्रेंच संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिलं, तेव्हा तो जिवाणूंच्या गोतातला निघाला.

गंमत पुढे आहे. १९९४ मध्ये या जंतूचं शास्त्रीय नामकरण झालं ते दोन नमुन्यांवरून. आफ्रिकेतला नमुना नेल्सप्रुइटचा आणि आशियातला पुण्याचा. शोधनिबंधांत तो आजही ‘पूना स्ट्रेन’ म्हणून ओळखला जातो. पुणेकरांनी याचा अभिमान बाळगायचा की नाही, हे त्यांनीच ठरवावं.

सदाफुलीतला पाहुणा

हा जंतू प्रयोगशाळेच्या बशीत एकटा वाढायला तयार नाही. म्हणून तर नावाआधी ‘कॅन्डिडेटस’ लागतं. मग संशोधकांनी त्याला जिवंत ठेवला कसा? अमरवेलीच्या मदतीने. अमरवेल एका झाडाला आणि दुसऱ्या झाडाला एकाच वेळी विळखा घालते, दोघांचा रस शोषते. तिच्यामार्फत जंतू लिंबातून सदाफुलीत उतरवला आणि तिथे तो मजेत वाढला. कुंडीतली सदाफुली जगातल्या सगळ्यात महागड्या फळरोगाची प्रयोगशाळा झाली.

४५ अंशात बसणारी

सिट्रस सिला असते तीन-चार मिलिमीटरची, राखाडी-तपकिरी. ओळखायची सोपी खूण म्हणजे रस पिताना ती डोकं खाली आणि शेपूट वर करून पानाशी जवळपास ४५ अंशांचा कोन धरते. मादी फक्त कोवळ्या फुटीवर अंडी घालते, आयुष्यात आठशेपर्यंत. पिल्लं अंगातून पांढऱ्या मेणाच्या कुरळ्या नळ्या सोडतात. पिल्लू असताना जंतू पोटात गेला की तो सिलाच्या शरीरात वाढतो आणि मरेपर्यंत सोबत राहतो.

आंबिया, मृग आणि हस्त हे तिन्ही बहार शेतकऱ्याला प्रिय. सिलालाही. प्रत्येक बहाराबरोबर नवी पालवी, प्रत्येक पालवीबरोबर नवा पाळणा.

झाडाची फसवी हाक

रोगट झाडातून मिथाइल सॅलिसिलेट जास्त प्रमाणात सुटतं. पाठदुखीच्या मलमाला येतो तो वास याच रसायनाचा. झाड एरवी संकटात ते सोडतं. सिलाला तो वास आवडतो आणि ती रोगट झाडाकडे धावते. तिथे रस पिते, जंतू घेते. पण रोगट झाडात अन्नाचा कस कमी, म्हणून थोड्याच वेळात कंटाळून निरोगी झाडाकडे निघते. २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी हे दाखवलं. जंतूने स्वतः जागचं न हलता वाहन बोलावलं, भरलं आणि रवानाही केलं.

जस्त कमी की ग्रीनिंग?

पान पिवळं पडलं की शेतकरी म्हणतो, जस्त कमी पडलं. बऱ्याचदा तो बरोबरही असतो. फरक असा: जस्ताच्या कमतरतेत मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंचा पिवळेपणा सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये डावी बाजू उजवीशी जुळत नाही, डाग कसेही पसरलेले. फळ वाकडं वाढतं, खालून हिरवंच राहतं, बिया पोचट, रस कडवट.

बागेतल्या बागेत करायची एक चाचणीही आहे. रसवाहिन्या तुंबल्यामुळे रोगट पानात पिष्ट साचतं. पान बारीक सॅंडपेपरने घासून तो भुगा पाण्यात मिसळायचा आणि आयोडीनचा थेंब टाकायचा. पाणी काळं-निळं झालं तर शंका घ्यायला जागा आहे. शाळेत बटाट्यावर केलेला तोच प्रयोग. खात्री मात्र प्रयोगशाळेतल्या पीसीआरनेच.

कढीपत्त्याची जुडी आणि अमेरिकेचा कुत्रा

कढीपत्ता, बेल, कवठ ही लिंबाच्याच कुळातली मंडळी. यातला कढीपत्ता सिलाला फार आवडतो. ग्रीनिंगचा जंतू कढीपत्त्यात सहसा घर करत नाही, पण सिला तिथे आरामात पिलावळ वाढवते. परसात एकीकडे कढीपत्ता, दुसरीकडे लिंबू, हे आपल्या घरोघरचं चित्र सिलाच्या दृष्टीने मुक्कामाला मधली सोय आहे.

२००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो इथे हुंगणाऱ्या कुत्र्याने भारतातून आलेलं एक पार्सल पकडलं. आत कढीपत्ता होता, त्यावर सिलाची पिल्लं होती आणि तपासात त्यांच्यात ग्रीनिंगचा जंतूही निघाला. अमेरिकेतल्या मुलाकडे फोडणीसाठी ताजा कढीपत्ता नेणाऱ्या आईबाबांना विमानतळावर का अडवतात, याचं उत्तर यात आहे. आणि २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात ग्रीनिंगचं पहिलं झाड सापडलं तेही व्यापारी बागेत नाही, लॉस एंजेलिसजवळच्या एका घराच्या अंगणात. त्या एका झाडावर वेगवेगळ्या जातींची बरीच कलमं बांधलेली होती.

नव्व्याण्णव टक्क्यांचं नाक

कुत्र्यांची कामगिरी एवढ्यावर संपत नाही. २०२० मध्ये अमेरिकी संशोधकांनी प्रसिद्ध केलं की शिकवलेले कुत्रे ग्रीनिंगचं झाड ९९ टक्क्यांहून अधिक अचूक ओळखतात. तेही पान पिवळं पडण्याच्या आधी, लागण होऊन काही आठवडेच झालेले असताना. पीसीआरला पानाचा नेमका रोगट तुकडा हाती लागावा लागतो. कुत्रा अख्खं झाड हुंगतो आणि खाली बसतो. बक्षीस म्हणून त्याला खेळणं पुरतं.

नवरीची नक्कल

सिलाचं लग्न जुळतं ते फांदीच्या कंपनांवर. नर पंख फडफडवून फांदीतून संदेश पाठवतो, मादी त्याच मार्गाने होकार देते. फ्लोरिडातल्या अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी मादीच्या होकाराची नक्कल करणारं छोटं यंत्र बनवलं. नराने साद घातली की यंत्र लगेच उत्तर देतं, बिचारा नर त्या दिशेने चालू लागतो. कीडनाशकाशिवाय कीड फसवण्याचा हा प्रकार अजून प्रयोगांतच आहे, पण कल्पना झकास.

पंजाबचा पाहुणा

सिलाचा कर्दनकाळ आहे टॅमॅरिक्सिया रेडिएटा नावाची, मुंगीहूनही लहान गांधीलमाशी. ती सिलाच्या पिल्लाखाली अंडं घालते आणि अळी त्याला खाऊन टाकते. या माशीची पहिली शास्त्रीय ओळख १९२२ मध्ये अखंड पंजाबातल्या नमुन्यांवरून झाली. भारतातून नेलेल्या माशांनी १९७० च्या दशकात रियुनियन बेटावर सिलाला आवर घातला. पुढे कॅलिफोर्नियानेही पाकिस्तानी पंजाबातून त्या मागवल्या आणि २०११ पासून सोडायला सुरुवात केली. रोग आशियाचा, उताराही आशियाचाच.

पेरूचं कोडं

लखनौजवळ रहमानखेड्याला केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था आहे. आंबा आणि पेरू ही तिची खासियत. ‘ललित’ आणि ‘श्वेता’ हे पेरूचे वाण तिथलेच. पेरूचा इथे काय संबंध? व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात शेतकऱ्यांनी संत्र्यात पेरूचं आंतरपीक घेतलं, तर सिला कमी दिसली आणि ग्रीनिंगही कमी. पेरूच्या पानांतून सुटणारी गंधकयुक्त वाफ सिलाला नको असते, असं पुढे दिसलं. पण फ्लोरिडात तोच प्रयोग तितका साधला नाही. म्हणजे पेरू लावा, पण पेरूवर विसंबू नका.

पिंपरीची पुडी

खैऱ्यावर शेतकऱ्याच्या तोंडी एक नाव हमखास असतं, स्ट्रेप्टोसायक्लिन. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं हे उत्पादन: नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, एक भाग टेट्रासायक्लिन. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध. तेच बागेवर फवारत राहिलं तर जंतू त्याला सरावतात आणि दवाखान्यात ते औषध बोथट होण्याची भीती. म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतला याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा मसुदा काढला. अमेरिकेत २०२३ मध्ये न्यायालयाने लिंबूवर्गीय बागांसाठी स्ट्रेप्टोमायसिनला दिलेली मंजुरी रद्द केली.

मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मात्र १८८५ पासून टिकून आहे. ते जंतूला पानाबाहेरच गाठतं. आत शिरलेल्याचं काही करू शकत नाही. म्हणून फवारणी पावसाआधी, डाग पडल्यावर नाही. त्यातही अतिरेक नको. अर्जेंटिनात तांब्याला न जुमानणारे खैऱ्याचे जंतू १९९० च्या दशकातच सापडले आहेत.

चोवीस कोटींवरून सव्वा कोटीवर

फ्लोरिडात सिला दिसली १९९८ मध्ये, ग्रीनिंग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्या-मोसंब्यांच्या २४ कोटींहून अधिक पेट्या निघाल्या होत्या. एक पेटी सुमारे ४१ किलोची. २०२४-२५ मध्ये निघाल्या जेमतेम सव्वा कोटी. वादळांचाही त्यात वाटा आहे, पण मुख्य आरोपी ग्रीनिंगच. पैसा, यंत्रं, विद्यापीठं सगळं हाताशी असलेल्या राज्याची ही गत झाली.

सगळ्यात वेगवान गाडी

आता मुद्द्याचं. वादळ जंतूला काही किलोमीटर नेईल, सिला महिन्याभरात शेजारच्या शिवारात जाईल. पण एका रात्रीत शेकडो किलोमीटर नेणारं वाहन एकच: रोप. ग्रीनिंग लागलेल्या झाडाचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरला की तयार होणारं प्रत्येक कलम जन्मतःच रोगी असतं. लक्षणं दिसायला कित्येक महिने, कधी वर्षंही जातात. तोवर रोपवाटिकेत ते हिरवंगार, टवटवीत, विकायला तयार! अमरावती जिल्ह्यातलं शेंदूरजनाघाट हे संत्र्याच्या रोपांचं मोठं गाव. तिथली रोपं दूरदूरच्या राज्यांत जातात. म्हणून तिथल्या मातृवृक्षाची तब्येत ही फक्त तिथल्या गावाची बाब राहत नाही.

नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे यावर उत्तर आहे. फांदीच्या अगदी शेंड्याचा, मिलिमीटरहूनही लहान कोंब काचेच्या नळीत वाढवलेल्या खुंटावर सूक्ष्मदर्शीखाली बसवतात. त्या कोंबापर्यंत रसवाहिन्या पोहोचलेल्याच नसतात, त्यामुळे जंतूही नसतो. त्यातून निघालेलं झाड तपासायचं, जाळीघरात ठेवायचं आणि पुढची सगळी कलमं त्याच्यापासून करायची.

तेव्हा वाचकहो, बागेसाठी हजार रोपं घ्या की अंगणासाठी एक, विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा. डोळा कुठल्या मातृवृक्षाचा? आणि त्या झाडाची तपासणी झाली आहे का? रोपवाटिकेचा परवाना पाहा, पावती घ्या, पानावर डाग किंवा नागअळीची रेघ दिसली तर रोप तिथेच ठेवा. गावाहून परतताना लिंबाचं रोप, कलमकाडी किंवा कढीपत्त्याचा फाटा प्रवासी पिशवीत घालू नका. वारा-पाऊस कुणाच्या हातात नाही. रोप मात्र आपण पैसे मोजून, आपल्या हाताने घरी आणतो. तेवढं तपासून आणा.